मधलं नाव

प्रिय लाला,

जयभीम. आधी खोकल्याचं कळव. हळदीच्या पेठेत पोती उचलताना तोंडाला फडकं बांध असं मी दर पत्रात लिहितो आणि तू दर पत्रात रेडिओचं लिहितोस. पावसात भिजू नकोस. खोलीचं कुलूप नीट लागतं ना?

सांगलीला रेडिओ केंद्र निघालं तेव्हा त्याचा आपल्या घराशी काही संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं. आधी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर पुणं-मुंबई लागायचं, तेही अर्धं खरखरीत. सांगली लागायला लागली तशी माणसं चावडीपुढं जमू लागली. बियाण्याचं, गुळाच्या भावाचं आपल्यासारखंच कुणीतरी बोलायचं. खोटं कशाला लिहू, मलाही गोडी लागली. मी रस्त्यावर चिंचेखाली उभा राहून ऐकायचो. कट्ट्यावर आपल्याला अजून कोणी बस म्हणत नाही, आणि न विचारता बसायचं धाडस मला होत नाही.

मग त्या संध्याकाळी तुमचं गाणं झालं आणि रेडिओवरच्या बाईनं नावं सांगितली. हलगीवर, लालासाहेब केरू सरतापे. चावडीवरची माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. या गावात जन्मभर मी केऱ्या आहे. ती बाई मला ओळखत नाही, तरी सावकाश, नीट केरू म्हणाली. तुझी आई घागर घेऊन माझ्यामागं उभी होती. नवऱ्याचं नाव घेत नाहीत म्हणून माझं नाव तिच्या तोंडून कधी निघालेलं नाही. तिनं पदर तोंडात धरला आणि पोरीसारखी हसली. मला मात्र घाम फुटला. मी तिला ओढतच घरी आणलं.

का फुटला, ते तुला कळायला हवं होतं. दीक्षा घेतली तेव्हा माझ्याच सांगण्यावरून वस्तीनं ठरवलं की जत्रेला, वरातीला, मढ्यापुढं आता वाजवायचं नाही. हलग्या ओढ्यात सोडल्या. माझी तुझ्या आज्याच्या हातची होती. तू काठावर बसून रडलास. गावानं आपल्याला गिरणी बंद केली, वर्षभर तुझी आई डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला चालत गेली. पायाला भेगा पडल्या, पण वस्तीतल्या एकानंही परत हलगीला हात लावला नाही. आणि तू सांगलीत जाऊन तीच उचललीस.

तू लिहितोस की तिथं सगळे एका सतरंजीवर बसतात, चहा एकाच किटलीतला, कपही सारखेच. तिथं हलगीला कला म्हणतात. असेल. मी कुठं खोटं म्हणतो? पण ते ऐकू इथं येतं, लाला, या चावडीत, आणि इथली सतरंजी बदललेली नाही.

परवा जत्रेचे पुढारी नाथाजी माणसं घेऊन आले. हातात नवी मढवलेली हलगी. अंगणातूनच म्हणाले, "काय रं केऱ्या, पोरगं रेडिओत बडवतंय, मग देवानंच तुमचं काय घोडं मारलंय? औंदा रथापुढं तुमीच पायजे." मी म्हणालो, आमचं ठरलेलं आहे. ते हसले. "ठरल्यालं तुज्याच पोरानं मोडलंय की! सगळ्या गावानं ऐकलंय." हलगी उंबऱ्यावर ठेवून गेले. जाता जाता गिरणीचं नाव काढायला विसरले नाहीत.

सांजेला वस्ती जमली. धोंडीबा सगळ्यांदेखत म्हणाला, "आवं केरूदा, पोरगं तुमचं, आन् निस्तरायचं आमी व्हय?" दहा वर्षं या माणसांनी माझ्या शब्दावर उपास काढले. रात्री झोप नाही. ती हलगी अजून उंबऱ्यावरच आहे. ओलांडून आतबाहेर करतो. मी हात लावलेला नाही, तुझ्या आईलाही लावू दिलेला नाही.

तू वाजवणं सोड, असं लिहिणार होतो. दोन कागद फाडले. दर वेळी चिंचेखाली उभा राहतो तेव्हा माझी बोटं धोतरावर चालतात, ते मला थांबवता येत नाही. शेवटच्या चालीत तू घाई करतोस. डावा हात सैल पडतो, तो सांभाळ.

तेव्हा एवढंच कर. तिथल्या साहेबांना सांग की नाव सांगताना मधलं केरू काढा. पुढचं सरतापेही नको. नुसतं लालासाहेब म्हणू देत. मग मी वस्तीला सांगेन की तो माझा कोणी नाही, जगात लालासाहेब पुष्कळ आहेत. नाथाजींनाही तेच सांगेन आणि त्यांची हलगी त्यांच्या अंगणात टाकून येईन. जत्रेला तू येऊ नकोस. पुढंही विचारल्याशिवाय येऊ नकोस. तुझ्या आईला यातलं काही बोललेलो नाही. तुमचं गाणं लागलं की ती चुलीवरचं तसंच सोडून धावते. गाण्याकडं तिचं लक्ष नसतं. नाव येईपर्यंत थांबते, ऐकते आणि हसत माघारी येते. पुढच्या वेळी ते आलं नाही तर तिला काय सांगायचं, तेवढं तूच मला लिहून कळव.

तुझाच,
आबा