बिनमुठीचे दार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, इस्पितळाच्या मानसोपचार विभागात सत्तावीस वर्षे चित्रोपचार करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उजवा हात शाबूत नाही, म्हणून डाव्याने लिहिले आहे. अक्षराला हसू नये. किती दिवस उरले ते डॉक्टर सांगत नाहीत, नुसते पाठीवर हात ठेवतात, त्यावरून काय ते कळले. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते भावावर चिडून घाईत केले होते. हेही चिडूनच केले आहे, पण सावकाश.

१. माझे दोन खोल्यांचे घर माझ्या दिवंगत बहिणीच्या मुलीला, म्हणजे भाचीला, बिनशर्त द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. कलम पाच ही अट नाही, विनवणी आहे.

२. बँकेतली शिल्लक विभागाच्या कागद-रंगांसाठी द्यावी, मात्र अधीक्षकांच्या हातून ती खर्च होऊ नये. त्यांनी माझ्या खोलीची आतली कडी काढून नेली होती. म्हणाले, "पेशंटने आतून लावून घेतली तर आम्ही काय करायचं?" मी म्हणाले, "बाहेर थांबायचं." पुढे पाहुणे येणार म्हणून त्यांनी माझ्या पेशंटांची चित्रे न विचारता भिंतीवर लावली. मी स्टुलावर चढून पाहुण्यांदेखत ती काढली. तेव्हापासून आमचे बोलणे नाही आणि माझी त्याला हरकतही नाही.

३. धाकट्या भावाला घरातले काही नको. "ताई रंगपेटी घेऊन डॉक्टरकी करते," असे तो चारचौघांत सांगत हिंडला, तेही माझ्या पगारावर शिकून. त्याला मेणखडूंची एक कोरी पेटी द्यावी. ही थट्टा नव्हे. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि माझ्या काळजीत सगळे त्याला विसरले. मीही विसरले.

४. दांड्यावर हिरवा रंग वाळलेला चपटा ब्रश माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावा. तो कुठून आला ते त्यांना ठाऊक असावे. बस उलटली तेव्हा आई माझ्या शेजारच्या सीटवर होती. मी नऊ वर्षांची. पुढे दीड वर्ष मी तोंडातून शब्द काढला नाही. जो तो म्हणे, "बोल गं, बोल ना." आमच्या घराखाली दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटरकाका होते. त्यांनी एक जुना पत्रा आणि हा ब्रश माझ्यापुढे ठेवला आणि आपली पाटी रंगवत बसले. रोज तेच. एके दिवशी वर न बघता म्हणाले, "ह्या अक्षरांना हिरवा बरा की पिवळा?" मी म्हणाले, "पिवळा." त्यांनी पिवळा घेतला. बस्स, एवढेच. मी पुढे जे काही शिकले ते ह्याच्यावरच रचले.

बाई, माझी पद्धत फार मोठी नाही. शेजारी बसायचे, समोर नाही. आपणही काढायचे, पण आपल्या कागदावर आणि डाव्या हाताने, म्हणजे आपले चित्र त्यांच्याहून बरे येत नाही. हे काय काढलंस म्हणून विचारायचे नाही. आणि दुसऱ्याच्या कागदाला काही झाले तरी हात लावायचा नाही.

५. माझे कपाट रिकामे आहे. सगळी चित्रे ज्याची त्याला दिली, किंवा ज्याची त्याने फाडली. एकच उरले आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी एक आठ वर्षांची मुलगी दर मंगळवारी चार वाजता येई. तिची आत्या, लॉन्ड्रीत इस्त्री करणारी, तिला सोडून जाई. मुलगी बोलत नसे. निळ्या मेणखडूने एक दार काढी, दर वेळी तेच, आणि दाराला मूठ नसे. मला वाटले, पोर आत कोंडली गेली आहे, तिला बाहेर पडता येत नाही. अकरा मंगळवार मी गप्प बसले. बाराव्याला राहवले नाही. माझ्या पेन्सिलीने, उजव्या हाताने, मी तिच्या दाराला छानशी मूठ काढून दिली.

तिने खडू खाली ठेवला. पुढच्या मंगळवारी आत्या एकटीच आली. म्हणाली, "ती नाही म्हणते यायला. म्हणते, बाईंनी त्याला दार उघडून दिलं."

ज्याच्या भीतीने ती दार लावून घेई तो घरातला माणूस कोण, ते आत्याला तेव्हा समजले आणि मलाही. मूठ तिने मुद्दामच ठेवली नव्हती. अख्ख्या जगात तेवढे एकच दार तिने स्वतःसाठी बंद करून ठेवले होते. आत्या मुलीला घेऊन गाव सोडून गेली. पत्ता ठेवला नाही, आणि ठेवला नाही ते बरेच केले. मी जुन्या पत्त्यावर पाठवलेली पत्रे परत आली.

मूठ पेन्सिलीची आहे, खोडता येते. शंभरदा खोडरबर हातात घेतला आणि ठेवून दिला. तो कागद माझा नाही.

भाची, तिला शोध. लॉन्ड्री-लॉन्ड्रीत जाऊन आत्याची चौकशी कर. मुदत घालत नाही, कारण माझी स्वतःचीच संपली आहे. मी पाया पडते तुझ्या. माझ्या वतीने माफी मागू नकोस. मागितली की तिला ती द्यावी लागेल. चित्र आणि खोडरबर तिच्यापुढे ठेव. खोडायचे, फाडायचे की तसेच ठेवायचे, तिचे ती बघेल. तिने बस म्हटले तर शेजारी बस. नाहीतर दार लावून घे आणि बाहेर थांब.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर.
दिनांक: चौदा मे, मंगळवार, दुपारी चार.

सही (डाव्या हाताची, बँकेतल्या सहीशी जुळणार नाही)

साक्षीदार:
१. शेजारच्या परिचारिका. सही.
२. तळमजल्यावरचे शिंपी. सही. बाईंनी आम्हां दोघांदेखत सही केली. रडत होत्या, पण शुद्धीत होत्या. चित्र आम्ही पाहिले नाही. त्यांनी ते पालथे ठेवले होते.