दार सोडू नका

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आजही हरलो, आणि माझ्यामुळंच. 

पोरगी पल्लवी पुण्याला नोकरीला गेल्यापासून फोनवरचं बोलणं "पप्पा, जेवलात का?" याच्या पुढं सरकत नाही. पण मैत्रिणींबरोबर रोज संध्याकाळी मोबाईलवर एक लढाईचा गेम खेळताना लई बोलते म्हणे. फुकटचाच आहे, म्हणून मीही घेतला आणि त्यांच्या संघात शिरलो. या वयात? हो, या वयात.

मला किल्ल्याचं दार राखायला दिलं होतं. समोर मैदानात पल्लवी पडली. पडलेल्याजवळ आपलं कुणी जाऊन थांबलं की तो उठतो. मी दार सोडून तिच्याकडं पळालो. ती हेडफोनमधून ओरडली, "पप्पा, मला राहू द्या! दार सोडू नका!" तोवर समोरचे आत घुसले आणि खेळ संपला.

दार सोडू नका. पण करू काय? सगळी उमर टॉवेल विणायच्या मागावर गेली. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, मगच पुढं. तुटका धागा तसाच सोडला तर टॉवेलभर रेघ उमटते. हात ऐकतच नाहीत.

सुरुवातीला गाठ मारायलाही मला वेळ लागायचा. मालक ओरडायचा. म्हणून काय गाठ मारणं सोडलं? हात चालवला. पुढं पुढं माझा माग कधी थांबला, हे शेजारच्यालाही कळायचं नाही.

आताच पल्लवीला मेसेज टाकला: उद्याही पडलीस तर उठवायला येणार. आजच्यापेक्षा लवकर.