नाकाच्या भरवशावर उघडलेलं घर

प्रिय नोएमी,

नाही, माझं डोकं ठिकाणावर आहे, आणि तुझ्या आईने मला बसवून हे लिहायला लावलेलं नाही. फोन केला की तू "कामात आहे बाबा" म्हणून ठेवतेस, म्हणून कागद घेतला. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर असंच असणार. नाही लागलं तर चष्मा लाव.

सहा रविवार झाले तू आली नाहीस. तुझी आई मेनुदोचं, त्या आतड्याच्या रश्श्याचं, पातेलं तेवढंच चढवते आणि मंगळवारपर्यंत मी एकटा संपवत बसतो. मागच्या रविवारी फर्मीन आला. माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा, तुझ्याबरोबर याच अंगणात वाढला, म्हणून वाढलं त्याला. दोन घास गेले नाहीत तोच सुरू. "काका, तुझ्या पोरीने काउंटीच्या तपासनिसाचं जाकीट घातलं आणि रक्ताची माणसं विसरली. येत्या गुरुवारच्या सुनावणीत तिला खोटी पाडतो. घरी बसेल मग." तुझ्या आईने त्याच्या पुढची ताटली उचलली. "पाड बाबा, पण रिकाम्या पोटी पाड," म्हणाली. त्याला वाटलं थट्टा करतेय. ताटली परत आली नाही तेव्हा उठला.

तुझा हा स्वभाव आजचा नाही, हे मी त्याला सांगितलं. आठ वर्षांची होतीस. वाळवी लागलेल्या घरात विषारी वायू सोडायला आम्ही वरून ताडपत्री चढवली की तू भोवती फिरून चिमटे मोजायचीस, खाली वाळूच्या पिशव्या पायाने दाबून बघायचीस. एकदा ओरडलीस, "बाबा, इथून मांजर आत जाईल!" मी म्हणालो, गप गं, तीस माणसांनी बघितलंय. माणसं होती चार, आणि फट होती. तुझी वेणी तेवढी दिसत होती, बाकी सगळी तू ताडपत्रीत घुसलेली. त्या दिवशी तुला आइस्क्रीम दोनदा मिळालं. आईला अजून एकच माहीत आहे.

आता फर्मीनचं काय चुकलं ते त्यालाही कळतंय. खऱ्या वायूला वास नसतो. म्हणून आधी आम्ही पंख्यासमोर डोळ्यांना झोंबणारं औषध ओततो, कुणी आत राहिलं असेल तर रडत बाहेर यावं म्हणून. काम झालं, ताडपत्री उतरली, वारं खेळलं, की परवाना असलेल्या माणसाने यंत्र घेऊन खोली न् खोली मोजायची आणि मग 'आत जायला हरकत नाही' ही पाटी दाराला लावायची. जुनी माणसं काय करतात, दारात उभं राहून एक श्वास ओढतात. डोळे चुरचुरले नाहीत, लाव पाटी. झोंबणारं औषध आधी उडून जातं आणि वायू कपाटात, गादीत दबून बसतो, हे तुमच्या ऑफिसने आम्हाला किती वेळा सांगितलं. आम्ही मागच्या बाकावर बसून त्यांचे डोनट खाल्ले.

फर्मीनने काम घेतलेल्या त्या सिरानुशबाईंच्या घराला तशीच पाटी लागली. न सांगता तपासायला तू आलीस तेव्हा बाई आत होत्या, शेगडीवर कॉफी ठेवलेली. तू त्यांना दंडाला धरून बाहेर काढलंस. बाई गाऊनवर फुटपाथवर उभ्या राहून बोंबलत होत्या, "माझी कॉफी उतू जातेय, सरकारी बाई!" आणि तू म्हणालीस, "जाऊ द्या आजी, तुम्ही वाचलात ते बघा." मग तोंडाला श्वासाच्या नळीचं ते धूड लावून यंत्र घेऊन आत गेलीस. झोपायच्या खोलीतल्या कपाटात आकडा चढलेला. बाई रोज दुपारी त्याच खोलीत झोपतात. फर्मीनचं काम बंद केलंस, बरोबर केलंस.

फर्मीन म्हणतो, मी स्वतः हजर होतो, मी स्वतः मोजलं, माझी चुलत बहीण वैर काढतेय. तुझ्या अहवालाची प्रत त्याने मला दाखवली. सगळं व्यवस्थित लिहिलंयस. फक्त 'पाटी कोणी लावली' या चौकटीत 'ओळख पटली नाही'. त्याचा वकील तीच एक ओळ धरून बसलाय. पटली नाही तर फर्मीन नव्हता हे कशावरून?

तर आता ऐक. बाईंच्या कॉफीचं मला फर्मीनने सांगितलं नाही. मी ट्रकच्या मागे उभा होतो. त्या दिवशी त्याची माणसं कमी होती, दुसऱ्या कामावर त्याला जायचं होतं, म्हणाला, काका, तुझ्याइतकं कुणाला कळतं. चढलो हरभऱ्याच्या झाडावर. माझा परवाना संपून चार वर्षं झाली होती. यंत्र त्याच्या गाडीतून निघून गेलं होतं. मी दारात उभा राहिलो, श्वास ओढला, पाटी लावली. तू ट्रककडे बघितलंस, नोएमी. सरळ माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि मान वळवलीस. चौकटीत माझं नाव का आलं नाही हे मला विचारायचं नाही. तुला कुणी विचारलं तर मात्र खरं सांग.

गुरुवारी नऊ वाजता मी तिथे असेन. नाव, पत्ता, कसं केलं, सगळं सांगणार. फर्मीनला काल सांगितलं, त्याला जे म्हणायचं ते म्हणून झालं. दंड असेल, आणखी काही असेल, माझं मी बघतो. मला न्यायला येऊ नकोस, दारात अडवू नकोस, आणि हे वाचून फोन करू नकोस. यावर मला पुढे एक शब्दही बोलायचा नाही.

तुझाच,
बाबा