खिडकीजवळचे टेबल

आबांसाठी. आधी घडले ते क्रमाने. पुढची पाने नंतर वाचा.

१. २ नोव्हेंबर १९९८ पासून मी धुळ्याच्या या तंत्रशिक्षण संस्थेत सर्व्हर सांभाळते.
२. रोज सकाळी ११.२० ला सर्व्हर सगळी नावे विसरतो. वीस मिनिटांनी त्याला ती आठवतात.
३. हजेरीपुस्तकात माझे नाव नाही. माझ्या सह्या दुसऱ्या मुलीच्या नावापुढे आहेत.
४. ती मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या वडिलांना हे संस्थेने सांगितलेले नाही; मी सांगितले, ते मानत नाहीत.
५. काल तुम्ही खिडकीत पाहिलीत ती मी नव्हते.

— हेमांगी


सोमवार, २ नोव्हेंबर

आबांनी असोद्याहून मोटारसायकलवर जळगाव स्टँडला सोडले. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. केळीच्या वेफर्सचा डबा दिला आणि तो इतरांना वाटून संपवू नकोस असे बजावले. पारोळ्यापर्यंत उभी होते, पुढे जागा मिळाली.

काम आवडेल असे वाटते. एक सर्व्हर, सहा संगणक, सगळे तारेने जोडलेले. प्रत्येक यंत्राचा एक आकडी पत्ता असतो. तो कोणाच्या लक्षात राहत नाही म्हणून यंत्राला नाव देतात, आणि नाव विचारले की सर्व्हर पत्ता सांगतो. इथे यंत्रांना त्यावर बसणाऱ्यांचीच नावे आहेत. अधीक्षक अभिमन सर म्हणाले की कोणाचे बंद पडले ते ओरडायला सोपे जाते.

मला खिडकीजवळचे टेबल दिले. उजेड चांगला, समोर फाटक. शिपाई भटूभाऊ पन्नाशीचे आहेत. त्यांनी चहा आणला, माझी असोद्याची बोली ऐकून हसले, आणि इथे बठ्ठा ‘शे’ चालतं, म्हणजे सगळीकडे ‘आहे’ला ‘शे’, शिकून घे, म्हणाले.

दोन गोष्टी खटकल्या. हजेरीपुस्तकात ‘सुगंधा वना देवरे’ या नावापुढे सही करायला लावली. सरांचे म्हणणे, जागा तिच्या नावावर मंजूर आहे, तुमची मंजुरी येईपर्यंत चालवून घ्या, नावात काय ठेवलंय. आणि सर्व्हरच्या लोखंडी कपाटाला हात लावला की झिणझिण्या येतात. अर्थिंग नाही.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

अर्थिंगसाठी लेखी अर्ज दिला. सरांनी तो न वाचता पेपरवेटखाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सुचवले, की बाईंनी रबरी चप्पल घालून यावे, फॅशनच्या नको. सगळे हसले. मी हसले नाही.

११.२० ला नावे चालेनाशी झाली. आकडी पत्ता टाकला तर यंत्रे उत्तर देतात. म्हणजे तारा ठीक, नेटवर्क कार्ड ठीक. नाव टाकले तर ‘सापडत नाही’. ११.४० ला आपोआप सुरळीत.

बुधवार, ४ नोव्हेंबर

पुन्हा ११.२०. नावांची फाइल तपासली, चूक नाही. सर्व्हर पुन्हा सुरू केला, फरक नाही. त्या वीस मिनिटांत एकच नाव सापडते: सुगंधा. पत्ता सतरा. संगणकावरून त्या पत्त्याला हाक दिली तर उत्तरही येते.

सतरा नंबरचे यंत्र इथे नाही. तार शोधत गेले. ती कपाटामागे कापलेली आहे, टोकाला काळी टेप.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

‘सुगंधा’ फाइलमधून काढले. माझ्या यंत्राला ‘हेमांगी’ नाव दिले. चालले. संध्याकाळी वेफर्स खाल्ले, वाटले नाहीत.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

‘हेमांगी’ सापडत नाही. ‘सुगंधा’ फाइलमध्ये परत आहे. बदल कोणी केला याची नोंद पाहिली: माझ्याच खात्यातून, ११.२० ला. तेव्हा मी सरांसमोर उभी होते.

कोणीतरी खोडी करते आहे. सरांना तसे सांगितले. नव्या मुलींना सुरुवातीला असंच होतं, म्हणाले. नव्या ‘मुलींना’. माझ्याआधी किती, हे विचारले. सरांनी भटूभाऊंना चहा आणायला पाठवले.

सोमवार, ९ नोव्हेंबर

आता सर्व्हरला कोण काय विचारते त्याची नोंद चालू केली आहे.

सकाळी सर स्वतः आले. दोन मिनिटे खिडकीत उभ्या राहा, फाटकाकडे बघून हात हलवा, एक वयस्क हितचिंतक आहेत, असे सांगितले. फाटकाबाहेर टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते, हातात फडक्यात बांधलेले काही. मी हात हलवला. त्यांनी दोन्ही हात वर केले. गाठोडे भटूभाऊंकडे देऊन ते गेले.

गाठोड्यात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि ठेचा. भटूभाऊंनी ते माझ्या टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

मंगळवार, १० नोव्हेंबर

नोंद वाचली. ११.२० पासून सतरा नंबरच्या पत्त्यावरून एकच प्रश्न, मिनिटाला हजारो वेळा. त्याखाली सर्व्हर दबून जातो, दुसरे कोणतेही नाव शोधायला त्याला उसंत राहत नाही. नावांचा गोंधळ एवढ्यासाठीच होतो.

प्रश्न हा: वना कुठे आहे?
उत्तर: या नावाचे कोणी नाही.
वना कुठे आहे? या नावाचे कोणी नाही.
छापून काढले तर कागद पुरणार नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

भटूभाऊंना कोंडीत पकडले. नोंद वाचून दाखवली. ते स्टुलावर बसले आणि बोलले.

वना हे सुगंधाचे वडील. दोन वर्षांपूर्वी तिने अर्थिंगसाठी तीन अर्ज दिले होते. एका सकाळी वीज गेली तेव्हा ती तार बघायला कपाटामागे गेली. ११.२० ला वीज आली. संस्थेच्या जीपने तिला मागच्या फाटकाने नेले, पांझरा नदीच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी हजेरीपुस्तकात तिची सही होती. चौकशी नको, जागा जायला नको. वडिलांना सांगितले, पोरगी कामात आहे, भेटत नाही, खिडकीतून बघा. त्यांना मोतीबिंदू आहे. दर सोमवारी येतात.

तिच्या नावाने खिडकीत उभी केलेली मी तिसरी.

मला संताप कसा लिहावा ते माहीत नाही. त्या माणसाला मी हात हलवला. त्याच्या भाकरी खाल्ल्या.

सोमवार, १६ नोव्हेंबर

सरांनी खिडकीत उभे राहायला सांगितले. मी फाटकावर गेले. वनानानांचा हात धरला. मी हेमांगी, असोद्याची, तुमची सुगंधा या जगात नाही, कशी गेली ते सगळे सांगितले.

ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून वर बघत हसत होते. म्हणाले, “काय बोलस माय? ती देख, खिडकीम्हा उभी शे मनी पोर.”

मी वळले.

खिडकीत कोणीतरी होते. ओढणी माझी होती. ती मी सकाळी खुर्चीवर ठेवली होती.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

सरांना लेखी दिले: पोलिसांकडे जाणार. ते शांत होते. कोण जाणार, असे विचारले. या नावाची कर्मचारी आमच्याकडे नाही, म्हणाले. पुस्तक पुढे सरकवले.

माझ्या सह्या पाहिल्या. अक्षर माझे नाही.

बुधवार, १८

आज जाहिरात आली. माझ्याच जागेची. ‘फक्त महिला उमेदवार.’

बॅग भरली आहे. पण अर्थिंग लावल्याशिवाय जाणार नाही. चौथी कोणी येईल आणि त्या कपाटाला हात लावेल. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा स्वतः आणला. भटूभाऊ खड्डा खणून देणार.

गुरुवार, १९

११ ते १२ खड्ड्यापाशी होते, इमारतीच्या मागे.

दुपारी भटूभाऊ धावत आले. आबा येऊन गेले. फाटकावर सरांनी सांगितले, पोरगी कामात आहे, खिडकीतून बघा. आबांनी बघितले. तिने हात हलवला. आबा समाधानाने बाराची गाडी धरून गेले. डबा ठेवून गेले.

वेफर्स.

नोंद उघडली. ११.२०. सतरा नंबर आता काही विचारत नाही. अठरा विचारतो. अठरा माझे यंत्र.

जीवराम कुठे आहे? या नावाचे कोणी नाही.
जीवराम कुठे आहे?

आबा, तुमचे नाव मी टाइप केलेले नाही.

शुक्रवार, २०

वीज गेली आहे. ११.०५. कपाटामागे बसून लिहिते. तरीही मेन स्विच मी स्वतः उतरवला, कुलूप लावले, किल्ली मुठीत आहे. पट्टी एका टोकाने खड्ड्यात गाडली आहे. दुसरे टोक कपाटाला जोडायचे, दोनच नट राहिले.

पहिल्या पानावर क्रमवार लिहिले. वही भटूभाऊ स्वतः असोद्याला आणून देतील. त्यांनी मुलांची शपथ घेतली आहे.

११.१२. एक नट झाला.

वनानानांना पुन्हा सांगा. तुम्ही सांगितले तर ऐकतील — बापाचे —

११.१७. खिडकीपाशी खुर्ची सरकल्याचा आवाज. खोलीत मी एकटी —

आबा, बुधवार, २५ नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्या. पत्र नको, स्वतः या. फाटकावर थांबू नका, खिडकीकडे बघू नका. आत येऊन माझा हात धरा, आणि माझ्या नावाने हाक

११.१९. किल्ली मुठीतच आहे. कुलूपही दिसते आहे. मेन बंद आहे. तरी दिवा ला