वहीतलं एक 'गेले'

रविवार, १७ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
मोठ्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

'सौ.' मुद्दाम लिहिलंय. पाकिटावरही लिहिलंय, चांगलं ठळक. गेले सात महिने तुला पत्र लिहिताना त्या जागी पेन अडखळायचं आणि मी नुसतं नाव लिहून पुढे सरकायचे. आज अडखळलं नाही. पाकीट हाताला जड लागलं असेल. आत एक वस्तू आहे, कागदात गुंडाळलेली. पत्र वाचून होईपर्यंत ती उघडू नकोस. लहानपणी तू खाऊची पुडी आधी फोडायचीस आणि मग विचारायचीस, ही कुणासाठी, म्हणून आधीच सांगून ठेवते.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यापेक्षा लहान असल्यासारखा हट्टी झालाय, त्याचं किती ऐकायचं. निवाऱ्याचं छत अखेर दुरुस्त झालं. गळतीखाली ठेवलेल्या बादल्या मोकळ्या झाल्या, त्यात आता स्वयंपाकीणबाई कांदे ठेवतात. खाटा चाळीसच्या चाळीस भरल्यात. दाराशी बसून वहीत नाव लिहायचं काम अजून माझ्याकडेच आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला तेरा वर्षं कुणी लेखणी धरू दिली, हेच खूप. पुड्यांचे कागद वाचून वाचून आलेलं अक्षर माझं, पण सुवाच्य आहे असं सगळे म्हणतात. तेच नडलं.

गुरुवारी फोनवर मी तुला एवढंच सांगितलं, की तुझा माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि पत्ता सांगायची मला परवानगी नाही. तू विचारलंस, "ताई, मग ते मेले असं लिहिलं कुणी?" मी म्हणाले, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला.

आवाज चांगला खणखणीत येत होता, धाकटे.

आता आधी यादीचं सांगते. म्हणशील, ताईने नमनालाच घडाभर तेल घातलं. पण ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पूर्वी आमच्या गावात बेघर माणसाला पाच दारं होती आणि पाच वह्या. आमचा निवारा, पुलापलीकडचा निवारा, दवाखाना, जेवणघर, आणि कायमची खोली देणारी कचेरी. माणूस प्रत्येक दारी आपली कर्मकथा पहिल्यापासून सांगायचा आणि प्रत्येक दारी रांगेत शेवटचा असायचा. आमच्या पायरीवर माणसं बसून असायची आणि पलीकडे सहा खाटा रिकाम्या. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा कारभार. गेल्या वर्षी पाचही जणांनी मिळून संगणकावर एक यादी केली. माणसाने एकदा सांगायचं, त्याची परवानगी असेल तेवढं सगळ्यांना दिसणार. मी तेव्हा फार फणफणले होते. यादी सांभाळणाऱ्या बाई आहेत, त्यांना म्हणाले, "माणूस काय तुमच्या डब्यात मावणार आहे?"

त्या म्हणाल्या, "मावत नाही मावशी. पण हरवत तरी नाही."

माझ्या तेरा वर्षांच्या वह्या त्यांनी एकेक ओळ वाचून यादीत चढवल्या. दर बुधवारी आम्ही पाच ठिकाणची माणसं त्या यादीसमोर बसतो. कुणाचं औषध राहिलं, कुणाची खोली आली, कोण दोनदा लिहिला गेलाय ते बघतो. तो संगणक सारख्या दिसणाऱ्या नोंदी आपणहून शेजारी शेजारी आणून ठेवतो. मुलीला स्थळ दाखवावं तसा.

या बुधवारी त्याने दोन नोंदी आणल्या. यादीवाल्या बाई वाचत होत्या. "डावीकडे: पूर्ण नाव, वय एकसष्ट, कुलपं दुरुस्त करणारा, डाव्या अंगठ्यावर जुना व्रण. मयत, दोन वर्षांपूर्वी. उजवीकडे: नाव सांगत नाहीत, सगळे कुलूपवाले म्हणतात. वय त्रेसष्ट. डाव्या अंगठ्यावर व्रण. सोबत चाव्यांचा जुडगा."

दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "उजवीकडच्यांचं ब्लडप्रेशर मी काल घेतलं. एकशे चाळीस-नव्वद. मेलेल्या माणसाला एवढं कशाचं टेन्शन?"

सगळे हसले. मी चहाचा कप खाली ठेवला. डावीकडचं नाव तुझ्या नवऱ्याचं होतं.

यादीवाल्या बाईंनी मूळ वही मागवली. मयत ही नोंद कशावरून केली ते बघायला हवं ना. वही आली. निळ्या पुठ्ठ्याची. पान उघडलं, आणि धाकटे, अक्षर माझं होतं. सुवाच्य. त्यांच्या नावापुढे मी लिहिलं होतं: 'गेले.'

बाकी सगळ्यांच्या नावापुढे शिक्का आहे, 'निवारा सोडला'. कुणीही सकाळी कायमचा निघाला की मी तो शिक्का मारते. त्या सकाळी शाई होती, शिक्का हाताशी होता. पण आपल्या माणसाच्या नावावर शिक्का मारायला माझा हात उचलेना. म्हणून पेनाने लिहिलं. आदरार्थी लिहिलं, आणि पुढे टिंब दिलं. यादीवाल्या बाईंनी तेरा वर्षांच्या शिक्क्यांमध्ये हाताने लिहिलेलं ते एकच 'गेले' वाचलं आणि त्यांना जे वाटायचं तेच वाटलं. त्यांची काय चूक? मराठीत माणूस बाजारात गेला तरी गेला आणि देवाघरी गेला तरी गेलाच.

तर, तू विचारलंस त्याचं उत्तर हे. मी लिहिलं.

एवढ्यावर पत्र संपलं असतं तर बरं होतं. पण तू काही खुळी नाहीस. तू आता विचारशील, म्हणजे ते तुझ्या निवाऱ्यात होते?

होते. एकोणीस दिवस. चौदा नंबरची खाट, खिडकीजवळची. त्यांच्या दुकानाची इमारत पाडल्यावर आठ महिने रोज सकाळी हत्यारांची पेटी घेऊन ते बागेत बसायचे आणि संध्याकाळी दमून आल्यासारखे घरी यायचे, हे तुला कळलं, आणि तू म्हणालीस, खोटं बोलणाऱ्याला माझ्या घरात जागा नाही. तू रागात म्हणालीस, त्यांनी ते अक्षरशः घेतलं. कुलूपवाला माणूस, दार बंद म्हटलं की बंदच समजणार. वर्षभर कुठेकुठे राहून ते आमच्या दाराशी आले, मला बघून माघारी वळले. मी हात धरून आत आणलं. त्यांनी आधी माझ्याकडून शब्द घेतला, धाकटीला कळवायचं नाही. परवानगीच्या रकान्यातही 'नाही' असंच लिहायला लावलं.

तू दर रविवारी फोन करायचीस. "ताई, तुझ्याकडे इतकी माणसं येतात, काही कळलं का गं?" आणि मी म्हणायचे, नाही. दोन रविवार मी हे म्हणाले तेव्हा ते दहा पावलांवर बसून लसूण सोलत होते. तुझा आवाज फोनमधून त्यांना ऐकू जात होता. दुसऱ्या रविवारी त्यांनी सूप भरून लसूण सोलला, कुणी सांगितलं नव्हतं. आणि सोमवारी सकाळी पेटी उचलली.

त्यांना दिलेला शब्द मोडायला नको म्हणून मी तुझ्याशी खोटं बोलले. मग अंगावर आलं तेव्हा पळवाट काढली. यादी झाली, त्यात घरच्यांचा निरोप माणसाला पोचवतात म्हणे. तेव्हा मी तुला म्हणाले, कचेरीच्या खिडकीवर चौकशी कर. वाटलं, निरोप जाईल, परवानगी येईल, माझं तोंडही बंद राहील आणि तुलाही कळेल. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. जिवंत माणसाचं त्याला विचारल्याशिवाय सांगत नाहीत, पण मेलेल्याचं सांगतात. खिडकीवरच्याने तुला सांगितलं, जुन्या वहीतून आलंय, मयत आहेत. तू रडत मला सांगितलंस. मीही रडले. खरंच रडले, नाटक नव्हतं. पण कुणाची वही, हे विचारायला माझी जीभ उचलली नाही. तेव्हाच विचारलं असतं तर सात महिने तुला हे भोगावं लागलं नसतं. यादीने मला फसवलं नाही. मी यादीला विचारलंच नाही.

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर त्यांना गाठलं. वाळलेत थोडे. चष्मा नवा आहे, दवाखान्याने दिलेला. मला बघून सरकले आणि जागा केली.

"ताई, मी मेलो म्हणे."

"तसं लिहिलंय खरं."

"कुणी लिहिलं?"

"मी."

चाव्या चाळवत म्हणाले, "अक्षर तरी बरं काढलं होतंत ना?"

मला हसू फुटलं आणि मग आवरेना, ते दुसऱ्याच वाटेने बाहेर आलं. नर्सबाईंनी पाणी आणून दिलं. मग त्यांनी सांगितलं, की चार महिन्यांपूर्वी ते खोलीच्या कचेरीत गेले होते. खिडकीवरच्याने नाव बघितलं आणि म्हणाला, या नावाचे गृहस्थ मयत आहेत, वारसाला पाठवा. मी म्हटलं, "अहो, मग सांगायचं ना त्याला, हा बघ मी उभा."

ते म्हणाले, "मला वाटलं, घरूनच नाव कमी केलं असेल. तिचा हक्कच होता. मग भांडायचं कुणाशी?" म्हणून पुढे कुठेच नाव सांगितलं नाही.

बघ धाकटे. तू इकडे त्यांना गेलेलं समजून, आणि ते तिकडे तू घालवलेलं समजून. दोघं माझ्या एका शब्दाच्या दोन बाजूंना. त्यांना मी तुझं सगळं सांगितलं. ते म्हणाले, जिवंत आहे एवढं कळवा, पत्ता नको. म्हणून गुरुवारचा तो तोकडा फोन.

आता ऐक. दोन्ही नोंदी शुक्रवारी एक झाल्या. मयत खोडलं. पहिली नोंद जुनी, त्यामुळे रांगेतला त्यांचा जुना नंबर परत मिळाला, आणि तो नंबर केव्हाच लागून गेला होता. काल दुपारी खोली मिळाली. तळमजला, एक खिडकी, स्वयंपाकाचा ओटा, स्वतंत्र नळ. दार उघडल्यावर त्यांनी आधी काय केलं असेल? कुलूप खोलून तेल दिलं. म्हणाले, कचेरीवाल्यांना कुलपातलं काही कळत नाही. माझा जीव भांड्यात पडला तो तिथे, त्या तेलाच्या वासाने.

ताब्याच्या कागदावर शेवटी एक रकाना असतो, 'घरच्यांना पत्ता कळवावा का?' यादीवाल्या बाईंनी विचारलं. त्यांनी पेन मागितलं आणि स्वतः लिहिलं, 'हो'. मग मला म्हणाले, तिने यावं असं नाही, तिला ठाऊक असावं. पत्ता मागच्या पानावर आहे.

त्यांनी कोटाची चौकशी केली, राखाडी. ते गेले समजून तू तो देऊन टाकलास, हे मी सांगितलं नाही. काही गोष्टी नवराबायकोतच राहू द्याव्यात.

आता पुडी उघड. त्या खोलीची चावी आहे, त्यांनीच कानस मारून केलेली दुसरी. त्यांच्यातर्फे निरोप काही नाही, मी दोनदा विचारलं. जायचं की नाही, कधी जायचं, माझ्यावर किती दिवस रागवायचं, ते सगळं तुझं तू ठरव. मी फोन करणार नाही. तुझा आला तर आवाज नीट येईल, एवढं वचन देते.

एक राहिलं. त्या सोमवारी पेटी उचलून दारातून निघताना ते मला म्हणाले होते, "येतो, ताई." मी ऐकलं होतं. ऐकूनही 'गेले' लिहिलं. परवापासून आमच्या वहीत तो शब्द मी बंद केलाय. निघणारा जे म्हणतो तेच लिहिते.

येते.

तुझी,
चुकलेली पण सुटलेली
ताई