चाबूक कुणी काढून घेतला?

बसवनगुडी, बेंगळूर
१२ सप्टेंबर १९९४

प्रिय तुंगे,

सट्ट! येलहंक्याच्या तंबूतल्या सिनेमात, घोड्यावरच्या त्या मुखवटेवाल्या पोरीचा चाबूक वाजायचा, तो आवाज चोपन्न वर्षांनी काल पुन्हा कानात आला. दुसऱ्या दिवशी तू आईच्या जुन्या लुगड्याचा काठ पिळून गच्चीवर तस्साच आवाज काढायचीस, आणि पेरूवरचे पोपट उडायचे.

काल आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात पाठांतराची स्पर्धा झाली. विषय 'वीरांचे बोल', परीक्षक मी. शाळेतल्या कविता मला अजून झोपेतही म्हणता येतात, तुला ठाऊकच आहे. अकरा मुलांनी कविता म्हटल्या. गोड म्हटल्या, पण मंडपाबाहेर बघत. मग आमच्या गल्लीतल्या शिंप्याची दहा वर्षांची सुप्रीता उठली आणि तिनं सिनेमातल्या नायकाचं भाषण ठोकलं, जमीनदाराला भर चावडीत जाब विचारणारं.  मी विचारलं, "नायिकेचं का नाही गं म्हटलंस?" तर म्हणाली, "तिला बोलायला काय दिलंय, अज्जा? नुसतं 'बचाओ'!"

तुंगे, आपल्या लहानपणी पडद्यावरच्या पोरीच्या हातात चाबूक होता. आता ती कोपऱ्यात रडते. तो काढून घेणारे आम्हीच, तिकीट काढून समोर बसलेले. मी पहिलं बक्षीस सुप्रीताला जाहीर केलं.

अध्यक्ष भगवंतराव भडकले. "मास्तर, सिनेमातला वीर हा काय वीर झाला? निकाल बदला!" बक्षिसाचा चांदीचा कप त्यांनी घरी नेऊन कपाटात कोंडला. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, कप ठेवा तुमच्याकडे. निकाल बदलायचा नाही. रविवारी बक्षीस समारंभात पोरीला स्टेजवर बोलावणारच, हातात घरचा पितळी तांब्या द्यावा लागला तरी.

म्हातारपणी हा ताठा कुठला, असं विचारशील. तुझं हेब्बाळ काही लांब नाही, पण तोंडावर सांगवत नाही म्हणून लिहितो. गच्चीवरचा तुझा चाबूक अप्पांच्या कानावर मीच घातला होता. त्यांनी तुझी शाळाच बंद केली. त्या वर्षीच्या शाळेतल्या पाठांतर स्पर्धेत तुझ्या जागी मी उभा राहिलो, कविता म्हटली, टाळ्या घेतल्या. रविवारी ये. बक्षीस तुझ्या हातून द्यायचंय.

पत्र मिटतच होतो, तर दार वाजलं. भगवंतरावांच्या पत्नी हेमावतीबाई, दम लागलेल्या, पदराआड कप. "अण्णा, आधी स्वल्प पाणी द्या," म्हणाल्या. "कपाट त्यांचं असेल. किल्ली माझ्या कमरेला असते."

तुझाच,
चहाडखोर अण्णा