पाठकोरी कार्डं

३ जून, सकाळ
विभागप्रमुखाची खुर्ची पुढच्या महिन्यात रिकामी होणार. नावं दोनच. मी आणि कार्डवाल्या बाई. म्हणजे नाव एकच.

बाई आमच्या कंपनीतली सगळी भाषांतरं तपासतात. युरोपातल्या भाषांमधले दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे शब्द कार्डांवर लिहायचे आणि बुटांच्या खोक्यांत भरायचे, हे त्यांचं वीस वर्षांचं कर्तृत्व. खोकी चाळल्याशिवाय काही बाहेर पाठवायचं नाही, असा नियमच आहे. काल सांगत होत्या, जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष. बाईंना कधी कोणी गिफ्ट दिलं नसणार, दुसरं काय!

५ जून
संकल्प: पुस्तक लिहायचं. 'तीस दिवसांत सगळा युरोप'. सिद्धांत सोपा. या भाषा सख्ख्या बहिणी. चेहरा सारखा, तर अर्थ सारखा.

८ जून
अजून सुरुवात नाही. कागद चांगला मिळत नाही.

९ जून
बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर. खोकी माझ्या ताब्यात. कार्डं जाड, गुळगुळीत आणि पाठकोरी! वाया गेलेलं मला बघवत नाही. पहिलं प्रकरण त्यांच्या पाठीवर लिहून काढलं.

१२ जून, दुपार
इटालियन कॉफी मशीनच्या नळांसाठी मराठी स्टिकर हवेत. नमुन्याचं मशीन आमच्याच पँट्रीत बसवलंय. एका नळावर 'काल्दो', दुसऱ्यावर 'फ्रेद्दो'. काल्दो म्हणजे कोल्ड, शेंबडं पोरही सांगेल. फ्रेद्दो हे फ्रायपैकी काहीतरी, म्हणजे गरम. दीड मिनिटात काम खल्लास, मूळ शब्दांवर स्टिकर चिकटवूनही टाकले. तपासणाऱ्याच्या जागी सहीही मीच ठोकली. साहेब खूश.

१९ जून, सकाळ
बाई हजर. काळा चष्मा. कार्डं कुठे आहेत म्हणून विचारलं. कॉम्प्युटरवर चढवली, असं सांगितलं. चढवणारच आहे. बाईंनी दोनदा आभार मानले. बिचाऱ्या.

१९ जून, चार वाजता
डोळ्यांत औषध घालण्याआधी हात धुवावेत म्हणून बाईंनी 'थंड' लिहिलेला नळ सोडला. उजवा हात मनगटापर्यंत भाजला. किंकाळी तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेली. माणसाने आधी बोट लावून बघावं. आणि शेजारी बेसिन होतंच की!

२० जून
बाईंनी हॉस्पिटलमधून निरोप पाठवला, पहिल्या खोक्यातलं पहिलं कार्ड बघा. खोकं रिकामं. साहेबांनी स्वतः माझा खण उघडला. प्रकरण पहिलं, पान सात. ते पालथं करून सगळ्यांसमोर मलाच वाचायला लावलं. बाईंचं बारीक अक्षर: 'काल्दो. इटालियन. वाटतो थंड, अर्थ गरम. याच शब्दाने आमची मुलगी भाजली. पुन्हा कोणी भाजू नये, म्हणून ही कार्डं.'

माझे उच्चार मात्र स्वच्छ आले.

१ जुलै
खुर्ची बाईंना. बँडेजमधून बोटं वळत नाहीत, म्हणून त्या सांगणार आणि मी सगळी कार्डं नव्याने लिहिणार. थोडक्यात, माझ्यावाचून त्यांचं पान हलणार नाही. घरी येऊन बायकोला ताठ मानेने सांगितलं. तिने एवढंच विचारलं, बाईंचा हात बरा होणार आहे का.

ते विचारायचं राहूनच गेलं.